कंपनीचं आणि तिच्या विभागांचं नाव सगळीकडे एकसारखं कसं ठेवावं

एकाच कंपनीच्या पाच कागदांवर पाच नावं सापडणं हे आपल्याकडे नेहमीचं आहे. लेटरहेडवर 'अबक इंडस्ट्रीज प्रायव्हेट लिमिटेड', बिलावर 'अबक इंडस्ट्रीज प्रा. लि.', गेटवरच्या पाटीवर 'अबक ग्रुप', सेल्सच्या लोकांच्या कार्डावर 'अबक पंप्स' आणि स्टोअरच्या रबरी शिक्क्यावर कधीच बदललेलं जुनं नाव. वरवर पाहता हे किरकोळ वाटतं, पण त्याची किंमत पैशात मोजावी लागते. पीओवरचं (खरेदीच्या ऑर्डरवरचं) आणि बिलावरचं नाव जुळलं नाही की समोरच्या कंपनीचे अकाउंट्सवाले बिल बाजूला ठेवतात. बँक गॅरंटीवरचं नाव निविदेतल्या नावापेक्षा वेगळं निघालं तर तांत्रिक छाननीतच निविदा बाद होऊ शकते. आरटीजीएस आणि एनईएफटी करणाऱ्याला पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसावं, अशी सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. त्यामुळे बिलावर 'अबक पंप्स' आणि बँकेच्या पडद्यावर 'अबक इंडस्ट्रीज प्रायव्हेट लिमिटेड' दिसलं की पैसे देणारा थबकतो, फोन करतो, आणि तेवढ्यात महिनाअखेर उलटून जाते.

चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज किंवा गोव्यात वेर्णा इथल्या मध्यम आकाराच्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून पुढची पद्धत दिली आहे. एक मूळ कंपनी, तिचे दोन-तीन विभाग आणि एखादी उपकंपनी एवढा पसारा असला तरी नावांचा गोंधळ व्हायला तो पुरेसा असतो.

नाव कोणत्या प्रकारचं आहे ते आधी ठरवा

बहुतेक गोंधळ होतो तो चार प्रकारची नावं एकाच पोत्यात भरल्यामुळे. पहिलं कायदेशीर नाव, म्हणजे इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेटवर (कंपनी स्थापनेच्या प्रमाणपत्रावर) आहे ते, अक्षरन् अक्षर. दुसरं छोटं नाव, जे बोलण्यात, बातमीत आणि जाहिरातीत चालतं. तिसरं विभागाचं किंवा युनिटचं नाव. चौथं मालाचं, म्हणजे ब्रँडचं नाव. 'ग्रुप' हे पाचवं नाव बरेच जण मोठ्या हौसेने लावतात, पण ग्रुप नावाची कायदेशीर व्यक्ती नसते. तो करार करू शकत नाही आणि बिलही फाडू शकत नाही.

गोदरेजचं उदाहरण घ्या. 'इंटेरिओ' या नावाने विकलं जाणारं फर्निचर हा गोदरेज अँड बॉइस मॅन्युफॅक्चरिंग कंपनी लिमिटेड या कंपनीचा एक व्यवसाय आहे. गोदरेज प्रॉपर्टीज मात्र शेअर बाजारात नोंदलेली स्वतंत्र कंपनी आहे. एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेल्या कौटुंबिक वाटणीनंतर पहिली कंपनी गोदरेज एंटरप्रायझेस ग्रुपकडे आणि दुसरी गोदरेज इंडस्ट्रीज ग्रुपकडे आहे. दोघांच्याही नावात गोदरेज आहेच. नुसतं 'गोदरेज' असं लिहिलेलं पत्र कोणाला उद्देशून आहे, हे आता त्या एका शब्दावरून कळणार नाही.

किर्लोस्करांचंही तसंच आहे. किर्लोस्कर ब्रदर्स, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, किर्लोस्कर न्यूमॅटिक आणि किर्लोस्कर फेरस या वेगवेगळ्या कंपन्या. पुण्यात बोलताना 'किर्लोस्कर' म्हटलं की ऐकणारा संदर्भाने समजून घेतो, पण व्हेंडर मास्टरला, म्हणजे संगणकातल्या पुरवठादारांच्या यादीला, संदर्भ कळत नाही. तिथे नुसतं 'किर्लोस्कर' भरलं की एकीचं देणं दुसरीच्या खात्यावर चढतं.

छोटं नाव उगाच लांबवणं हीसुद्धा चूकच. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कंपनीचं कायदेशीर नाव लार्सन अँड टुब्रो लिमिटेड, आणि बोलण्यात ती 'एल अँड टी'. पण तिच्या एका उपकंपनीचं कायदेशीर नावच 'एल अँड टी टेक्नॉलॉजी सर्व्हिसेस लिमिटेड' आहे. मूळ कंपनीचं जे छोटं नाव, तेच उपकंपनीच्या कायदेशीर नावाचा भाग. तिथे कोणी हौसेने 'लार्सन अँड टुब्रो टेक्नॉलॉजी सर्व्हिसेस' असं पूर्ण रूप लिहिलं तर ते नाव चुकीचं ठरतं.

सध्या कुठे काय लिहिलंय ते गोळा करा

नियम ठरवण्याआधी दोन आठवडे फक्त नावं गोळा करण्यात घालवा. या कामाचा कंटाळा येतो म्हणून ते टाळलं जातं आणि मग नियमावली हवेत बनते.

सुरुवात सरकारी कागदांपासून करा: इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट, पॅन, टॅन, जीएसटी नोंदणी, उद्यम नोंदणी, पीएफ आणि ईएसआय, फॅक्टरी लायसन्स, गुमास्ता, आयात-निर्यात कोड, प्रदूषण मंडळाची संमती, वीजबिल. प्रत्येकावरचं नाव डोळ्यांनी वाचून एक्सेलमध्ये जसंच्या तसं टाइप करा, टिंब आणि स्वल्पविरामासकट. 'तेच आहे' म्हणून वरच्या ओळीतलं नाव खाली कॉपी करू नका. फरक नेमका तिथेच लपतो.

जीएसटी पोर्टलवर दोन रकाने असतात, लीगल नेम आणि ट्रेड नेम. लीगल नेम पॅनवरून येतं. ट्रेड नेम नोंदणीच्या वेळी सल्लागाराने घाईत भरलेलं असतं आणि पुढे कोणी ते बघत नाही. ई-इनव्हॉइसमध्येही ही दोन्ही नावं वेगवेगळी जातात, म्हणून ट्रेड नेमच्या रकान्यात काय पडलंय ते नक्की तपासा.

मग टॅली किंवा हिशेबाचं जे काही सॉफ्टवेअर असेल त्यातलं कंपनीचं नाव बघा. बिलावर तेच छापलं जातं आणि ते वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. त्यानंतर चेकबुक, बँकेचं खातं, ईमेलच्या खालची सही, वेबसाइट, डोमेन, गूगल मॅप्सवरची नोंद, लिंक्डइन, गाड्यांवरची अक्षरं, गणवेश, पॅकिंगची खोकी, गेटपास. रबरी शिक्के स्वतंत्रपणे मोजा. एकेका कंपनीत डझनावारी शिक्के निघतात, कारण कोपऱ्यावरच्या दुकानात जो तो आपल्याला हवा तसा बनवून आणतो. पाट्यांचे फोटो काढून ठेवा. पुढे पाटी बदलली की नाही हे त्याच फोटोंशी ताडता येतं.

नावांचा तक्ता

गोळा झालेल्या यादीवरून एक पानी तक्ता बनवा. प्रत्येक नावाला एक ओळ. रकाने असे: कायदेशीर नाव रोमन लिपीत; कायदेशीर नाव देवनागरीत; छोटं नाव दोन्ही लिपींत; प्रकार (कंपनी, उपकंपनी, विभाग, ब्रँड); विभाग असेल तर कोणत्या कंपनीचा; सीआयएन (कंपनीचा सरकारी ओळख क्रमांक), पॅन आणि जीएसटी क्रमांक; ट्रेडमार्क नोंदणी क्रमांक आणि वर्ग; कोणत्या तारखेपासून लागू; आणि शेवटी 'असं लिहू नये'.

हा शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगाचा. शोधमोहिमेत सापडलेली सगळी चुकीची रूपं त्यात टाका. नवीन माणसाला योग्य रूप सांगून जेवढं कळतं, त्यापेक्षा आपण नेहमी लिहितो तेच रूप 'चूक' म्हणून छापलेलं पाहिलं की पटकन कळतं.

सीआयएन हा २१ अक्षर-अंकांचा असतो. पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगतं, पुढचे पाच अंक उद्योगाचे, मग राज्याची दोन अक्षरं, स्थापनेचं वर्ष, कंपनीच्या प्रकाराची तीन अक्षरं आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. प्रायव्हेट कंपनी पब्लिक झाली किंवा नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्या राज्यात गेलं की सीआयएन बदलतो. नाव तेच राहिल्यामुळे जुनी लेटरहेडं चालू राहतात आणि त्यांवर चुकीचा क्रमांक जात राहतो. म्हणून तक्त्यात नाव आणि क्रमांक एकाच ओळीत ठेवायचे, वेगळ्या फायलीत नाही.

पूर्ण कायदेशीर नाव कुठे सोडता येत नाही

कंपनी कायदा २०१३ चं कलम १२ इथे महत्त्वाचं आहे. कंपनीचं नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, जिथे जिथे व्यवसाय चालतो त्या प्रत्येक ठिकाणी बाहेर, सहज दिसेल आणि वाचता येईल असा लावावा लागतो. ती अक्षरं त्या भागातल्या भाषेची नसतील तर स्थानिक भाषेच्या लिपीतही लिहावा लागतो. व्यवसायाची पत्रं, बिलं, सूचना आणि इतर अधिकृत प्रकाशनांवर नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, फोन, ईमेल, वेबसाइट असेल तर ती, हे सगळं छापणं बंधनकारक आहे. चुकलं तर कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्यांना दिवसाला १,००० रुपये, कमाल १ लाख रुपयांपर्यंत दंड. वन पर्सन कंपनी असेल तर नावाखाली कंसात तसं लिहावं लागतं. एलएलपीला, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थेला, २००८ च्या तिच्या वेगळ्या कायद्याप्रमाणे बिलं आणि पत्रव्यवहारावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि मर्यादित दायित्वाने नोंदणी असल्याचा उल्लेख हवा.

जीएसटीच्या नियमाप्रमाणे नोंदणी प्रमाणपत्र मुख्य आणि अतिरिक्त अशा प्रत्येक जागी दर्शनी भागात लावायचं आणि प्रवेशद्वाराच्या नामफलकावर जीएसटी क्रमांक लिहायचा. पॅकबंद मालाच्या वेष्टनावर उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार यांचं नाव आणि पत्ता लागतो. तिथे नुसतं ब्रँडचं नाव मोठं छापून भागत नाही.

महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांच्या पाट्यांचा २०२२ चा बदल लक्षात ठेवा. पाटीवर देवनागरीतलं मराठी नाव सुरुवातीला हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांनाही हे लागू आहे. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार देवनागरीतली कोकणी राजभाषा आहे आणि मराठीही सरकारी कामात वापरता येते. तिथे देवनागरी नाव दोन्ही वाचकांना चालतं. बेळगाव किंवा निपाणीला शाखा असेल तर कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे पाटीचा ६० टक्के भाग कन्नड हवा. म्हणजे कन्नड रूपही तक्त्यात घ्या. ते पेंटरवर सोपवू नका.

विभागाचं नाव कसं लिहायचं

विभागाला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसतं. या एका वाक्यातून पुढचे सगळे नियम निघतात.

विभागाच्या नावापुढे 'लिमिटेड' किंवा 'प्रा. लि.' कधीही लावू नका. तशी कंपनीच नसते, आणि त्या नावाने झालेल्या करारावर वाद झाला की 'आमचा करार नेमका कोणाशी झाला?' हा पहिला आक्षेप येतो. दावा कंपनीच्या नावानेच लावावा लागतो, आणि विभागाच्या नावाने दाखल केलेले कागद दुरुस्त करण्यात तारखांवर तारखा जातात. करार, बिल, पीओ, बँक गॅरंटी, नेमणूकपत्र या पाच कागदांवर कायदेशीर नाव पहिल्या ओळीत असलं पाहिजे. विभागाचं नाव दुसऱ्या ओळीत, 'पंप विभाग' असं, कमी वजनाच्या अक्षरांत.

सहीची जागा अशी ठेवा: पहिल्या ओळीत 'अबक इंडस्ट्रीज प्रायव्हेट लिमिटेड करिता', मग सहीसाठी मोकळी जागा, त्याखाली सही करणाऱ्याचं नाव, पद, आणि त्याखाली 'पंप विभाग'. शिक्काही याच मजकुराचा. विभागाच्या नावाचा वेगळा शिक्का ठेवायचा असेल तर तो फक्त माल मिळाल्याच्या पावतीसाठी, आणि त्यावर 'फक्त मालपोच' असं कोरून घ्या.

कार्ड, ब्रोशर, प्रदर्शनातला स्टॉल इथे उलटं चालतं. ग्राहकाला 'अबक पंप्स' ओळखीचं असेल तर तेच मोठं ठेवा. खाली बारीक अक्षरात 'अबक इंडस्ट्रीज प्रायव्हेट लिमिटेडचा विभाग' ही ओळ द्या. रोमन अक्षरांत ही ओळ ७ पॉइंटपेक्षा लहान नको, देवनागरीत ९ पॉइंटपेक्षा. त्याखाली गेलं की मात्रा आणि रफार शाईत बुजतात. उपकंपनी असेल तर 'विभाग' हा शब्द वापरू नका. विभागाची देणी मूळ कंपनीची असतात, उपकंपनीची तिची स्वतःची. एका शब्दाच्या चुकीने वाचणाऱ्याला भलतंच आश्वासन दिल्यासारखं होतं.

विभागांच्या नावांचा साचा एकच ठेवा. एकाला 'अबक पंप्स', दुसऱ्याला 'व्हॉल्व्ह्ज डिव्हिजन ऑफ अबक', तिसऱ्याला 'अबक-फाउंड्री' असं असलं की ती वेगवेगळ्या मालकांची दुकानं वाटतात. आमच्या मते मराठी-इंग्रजी दोन्हीत चालणारा सोपा साचा म्हणजे छोटं नाव आणि एक सामान्य शब्द: अबक पंप्स, अबक व्हॉल्व्ह्ज, अबक फाउंड्री. मधे डॅश नाही, टिंब नाही. प्रत्येक विभागाला वेगळा लोगो देण्याचा मोह आवरा. विभाग दोन-चार वर्षांत एकमेकांत विलीन होतात, आणि लोगो गाड्यांवर, गणवेशांवर तसेच राहतात.

कंपनीच्या आतली छोटी रूपं, म्हणजे 'पीडी', 'युनिट २', 'नवीन शेड', ही बाहेरच्या कागदावर येऊ देऊ नका. पुरवठादाराला 'युनिट २ ला माल पाठवा' एवढंच कळवलं तर चलनावर तेच छापून येतं, आणि जीएसटी नोंदणीत तो पत्ता वेगळ्या नावाने असेल तर गाडी तपासणीला थांबली की उत्तर द्यायला ड्रायव्हर उरतो.

मोठ्या मजकुरात पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव, नंतर ठरलेलं छोटं नाव. करारात हे छोटं नाव व्याख्येतच सांगून टाका. बातमी किंवा ब्रोशरमध्ये 'लिमिटेड' पहिल्या उल्लेखालाही लागत नाही. तिथे ते वाक्य जड करतं.

ट्रेडमार्कचं चिन्ह जपून लावा. वर्तुळातला 'आर' नोंदणी झाल्यावरच. अर्ज नुसता टाकला असेल तर 'टीएम'. नोंदणी नसताना ती असल्याचं भासवणं ट्रेडमार्क कायदा १९९९ प्रमाणे शिक्षापात्र आहे. नोंदणी ज्या वर्गात आहे त्याच मालावर ते चिन्ह. पंपांची नोंदणी दाखवून पाइपांवर वर्तुळ छापू नका. नोंदवलेलं चिन्ह सलग पाच वर्षं वापरलंच नाही तर त्याची झळ बसणारा कोणीही ते रद्द करण्यासाठी अर्ज करू शकतो, म्हणून जुनं नाव राखायचं असेल तर त्याचा खरा वापर चालू ठेवा. उपकंपनी मूळ कंपनीचं नाव वापरत असेल तर त्यांच्यात लेखी परवाना करार हवा. टाटा समूहात हे नाव टाटा सन्सच्या मालकीचं आहे आणि कंपन्या ते करार करून वापरतात. छोट्या समूहात 'आपलंच तर आहे' म्हणून हा करार राहून जातो, आणि पुढे भावांत वाटणी झाली की नाव कोणाचं यावरून कोर्टाची पायरी चढावी लागते.

देवनागरीतलं नाव

इथे सगळ्यात जास्त ढिलाई होते. प्रायव्हेट कंपनीचं नाव रोमन अक्षरांत नोंदलेलं असतं आणि देवनागरी रूप पेंटर, डीटीपी ऑपरेटर किंवा वर्तमानपत्राचा उपसंपादक ठरवतो. मग एकाच रस्त्यावर इंजिनीअरिंग, इंजिनिअरिंग आणि इंजिनियरिंग अशा एकाच कंपनीच्या तीन पाट्या दिसतात. 'अँड' की 'आणि', 'इंडस्ट्रीज' की 'इन्डस्ट्रीज', 'प्रायव्हेट' की 'प्रा.', हे एकदा ठरवून संचालक मंडळाच्या बैठकीत नोंदवून घ्या. आमची शिफारस: कायदेशीर नावातलं 'अँड' तसंच ठेवा, त्याचं 'आणि' करू नका, 'लिमिटेड'चं 'मर्यादित' करू नका. सहकारी संस्था, पतसंस्था, साखर कारखाने यांचं उलटं आहे: त्यांची नोंदणीच मराठीत 'मर्यादित' या शब्दासह असते, तिथे प्रमाणपत्रावरचं मराठी रूप हेच मूळ आणि इंग्रजी रूप त्यावरून ठरवायचं.

संगणकावर आणखी एक अडचण लपलेली असते. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: एक सलग अक्षर म्हणून, किंवा 'अ' वर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला ती वेगळी वाटतात. 'ॲग्रो' नावाची कंपनी शोधताना निम्म्या नोंदी सापडतच नाहीत, त्याचं कारण हे. 'ऱ्य' चंही तसंच. उपाय एकच: तक्त्यातलं नाव कॉपी करून वापरायचं, पुन्हा टाइप करायचं नाही.

श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत केलेलं काम युनिकोडमध्ये चिकटवलं की अक्षरांचा काला होतो. छपाईवाल्याला नाव कायम कर्व्हज केलेल्या (अक्षरांचं चित्र बनवलेल्या) पीडीएफमध्ये द्या आणि सोबत युनिकोड मजकूर वेगळा. अनेक फॉन्टांत 'ल' आणि 'श' मूळ हिंदी वळणाचे येतात. ज्यांत मराठी वळणाची सोय आहे तिथे वेबसाइटच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवली की बरोबर वळण येतं. ते न केल्यामुळे वेबसाइटवर एक 'ल' आणि पाटीवर दुसरा 'ल' दिसतो.

आकार ठरवताना पॉइंटवर विसंबू नका. एकाच पॉइंटात देवनागरी अक्षर रोमन मोठ्या अक्षरापेक्षा बुटकं दिसतं, कारण वरखाली मात्रांना जागा सोडलेली असते. देवनागरी साधारण १० ते १५ टक्के मोठं घ्या, आणि पाटीवर प्रत्यक्ष पट्टीने शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची मोजा. पाटीच्या तपासणीला येणाऱ्या माणसाला तुमचा पॉइंट साइज नाही, डोळ्यासमोरचं अक्षर दिसतं.

मराठी वाक्यात नाव चालवताना विभक्तीने ते मोडतं. 'अबक उद्योग'चं 'अबक उद्योगाने' झालं की नोंदलेलं नाव बदललं. बातमीत हे खपतं. करारात, नोटिशीत आणि जाहीर सूचनेत 'अबक उद्योग या कंपनीने' असं लिहा. नावाच्या शेवटी 'ब्रदर्स', 'मोटर्स' असला तरी कंपनी एकच आहे, स्त्रीलिंगी एकवचनी: 'टाटा मोटर्सची विक्री वाढली', 'किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी'. 'यांनी', 'त्यांचे' अशी आदरार्थी रूपं कंपनीला लावू नका. ती संस्थापकांना लावायची.

रोमन नावात मोठी-लहान अक्षरं असतील तर ती देवनागरीत उतरत नाहीत, पण जोड-तोड उतरवता येते. २०२२ च्या विलीनीकरणातून आलेल्या 'एलटीआयमाइंडट्री' या नावात मधे जागा नाही; देवनागरीत वाचायला अवघड वाटलं म्हणून जागा सोडली की नावाचे दोन तुकडे होतात. ज्याचं नाव, त्याने लिहिलं तसंच लिहायचं. हाच न्याय ग्राहकांच्या आणि पुरवठादारांच्या नावांनाही लावा. त्यांचे लोक आपलं नाव चुकलेलं पत्र पहिल्या ओळीतच ओळखतात.

नाव बदलताना

नवं नाव आरयूएनमधून (कंपनी मंत्रालयाच्या नाव राखण्याच्या ऑनलाइन सेवेतून) राखून घेतलं की हातात ६० दिवस असतात. त्यात विशेष ठराव, म्हणजे पडलेल्या मतांत विरोधाच्या किमान तिप्पट मतं बाजूने, ठरावानंतर ३० दिवसांत तो कळवणारा एमजीटी-१४ फॉर्म, मग नाव बदलाच्या अर्जाचा आयएनसी-२४ फॉर्म. नवं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत बदल कायद्याने पूर्ण झालेला नसतो. नव्या नावाची बिलं आधीच छापून वाटायला सुरुवात केली तर ती अस्तित्वात नसलेल्या कंपनीची बिलं ठरतात. प्रमाणपत्र आल्यावर जीएसटीत दुरुस्तीचा अर्ज १५ दिवसांत करावा लागतो, पण आधी पॅन, मग जीएसटी, मग बँक हा क्रम पाळा. पॅनवर जुनं नाव असताना जीएसटीचा अर्ज अडकतो. पॅनचा क्रमांक तोच राहतो, फक्त नाव बदलतं. जुने करार मोडत नाहीत, पण मोठ्या ग्राहकांना प्रमाणपत्राची प्रत आणि बदलाची तारीख लेखी कळवा.

बदलानंतर दोन वर्षं पाटीवर आणि पत्रांवर नव्या नावासोबत आधीचं नावही लिहावं लागतं. 'पूर्वीचे नाव अमुक' ही ओळ लेटरहेडच्या साच्यातच घाला आणि ती कधी काढायची ती तारीख तक्त्यात टाका. नाहीतर ती एकतर लगेच निघते किंवा कायमची राहते.

तारखेचं महत्त्व मोठ्या कंपन्यांच्या विभाजनात दिसतं. २००७-०८ च्या विभाजनात मूळ बजाज ऑटो लिमिटेडचं नाव बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट झालं आणि वाहन व्यवसाय ज्या नव्या कंपनीत गेला तिला बजाज ऑटो हे नाव मिळालं. २०२५ मध्ये टाटा मोटर्सच्या विभाजनातही तसंच झालं: मूळ कंपनी टाटा मोटर्स पॅसेंजर व्हेइकल्स झाली आणि टाटा मोटर्स हे नाव व्यावसायिक वाहनांच्या कंपनीकडे गेलं. अशा वेळी जुन्या फायलीतल्या नावाला तारीख नसेल तर कागद कोणत्या कंपनीचा हे सांगता येत नाही. म्हणून जुनी नावं तक्त्यातून पुसू नका. 'अमुक तारखेपर्यंत' असं लिहून वेगळ्या पानावर ठेवा. लोकांच्या तोंडची नावं तर त्याहून चिवट असतात. टेल्कोचं टाटा मोटर्स २००३ मध्ये झालं, पण पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्को रोड आजही टेल्को रोडच आहे. रस्त्याच्या नावाशी भांडत बसू नका. पत्ता लिहिताना ते चालू द्या, कंपनीच्या नावात नको.

राखण कोणी करायची

तक्ता एका माणसाच्या ताब्यात हवा. कंपनी सेक्रेटरी असेल तर तोच योग्य, कारण नाव बदलल्याची पहिली खबर त्याला असते. मार्केटिंगकडे दिलात तर कायदेशीर रकाने शिळे होतात. नवीन विभागाला नाव द्यायचं तर मागणी त्याच्याकडे लेखी जावी आणि उत्तरासाठी पाच कामाचे दिवस असावेत. त्या पाच दिवसांत ट्रेडमार्कचा शोध, डोमेन, आणि त्या नावाची कंपनी आधीच आहे का, हे बघून होतं.

गूगलवरच्या नोंदीत नावापुढे 'पुण्यातील सर्वोत्तम पंप' असलं काही जोडू देऊ नका. गूगलच्या नियमात पाटीवरचं खरं नावच चालतं आणि जास्तीचे शब्द घातले तर नोंद स्थगित होऊ शकते. पुन्हा चालू व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्या काळात नकाशावर कंपनी दिसतच नाही.

दर तिमाहीला बाहेर गेलेले कोणतेही वीस कागद काढा: पाच बिलं, पाच पीओ, पाच ईमेल, पाच फोटो. तक्त्याशी ताडा. चूक सापडली की ती करणाऱ्याला पकडण्याआधी साचा तपासा. बहुतेक वेळा चूक टॅलीच्या मास्टरमध्ये, ईमेलच्या जुन्या सहीत किंवा छपाईवाल्याकडच्या कोरल फायलीत असते. छपाईवाल्याकडून जुन्या फायली मागवून घ्या आणि त्याच्या संगणकावरून काढायला सांगा. पुन्हा ऑर्डर गेली की तो 'मागच्या वेळेसारखंच ना?' असं विचारतो, आपला माणूस हो म्हणतो, आणि दोन हजार लेटरहेडं जुन्या नावाने छापून येतात. जुने रबरी शिक्के गोळा करून त्यांचं रबर कापून टाका, आणि किती शिक्के जमा झाले, किती नवे दिले, याची सहीनिशी नोंद ठेवा.